जोखीम जाते कुठे? बेभरवशाच्या कामाचा मनावर होणारा परिणाम

जून लागला की तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची धावपळ सुरू होते. सेट-नेट या पात्रता परीक्षांची प्रमाणपत्रं, मागच्या वर्षीचं अनुभवपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स पुन्हा एकदा फाइलला लावायच्या आणि ज्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, तिथेच उमेदवार म्हणून बाहेरच्या बाकावर बसायचं. आत मुलाखत घेणारे विभागप्रमुख रोजच्या ओळखीचे. पाणी आणून देणारे मामाही ‘सर, यंदा जाहिरात उशिरा आली ना?’ असं विचारणारे. निवड बहुतेक वेळा होते. तरीही मेच्या मध्यापासून झोपेचं खोबरं झालेलं असतं.

निवड झाली की पुढचं ठरलेलं. पोर्शन पुरा करायचा, पेपर तपासायचे, कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायली लावायच्या, सगळं कायम प्राध्यापकांसारखंच. पैसे मात्र घेतलेल्या तासांचे, आणि तेही दर महिन्याला हातात पडतील याची खात्री नाही. कित्येकदा काही महिन्यांचं मानधन तुंबून एकदम येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीचं काहीच नाही.

हे एक उदाहरण झालं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी नर्स, एमआयडीसीत ठेकेदारामार्फत लागलेला वेल्डर, बाइकवरून जेवण पोचवणारा पोरगा आणि हिंजवडीत प्रोजेक्ट संपल्यामुळे बेंचवर, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत नुसती, बसलेली इंजिनिअर यांच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण रात्री मध्येच जाग आल्यावर डोक्यात येणारा प्रश्न एकच: पुढच्या महिन्यात आपण इथे असू का? आणि ही मूठभरांची गोष्ट नाही. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणांत दिसतं की शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांमध्येही निम्म्याहून अधिक लोकांकडे नोकरीचा लेखी करार नाही. रोजंदारीवाले यात धरलेलेच नाहीत.

अशा कामाने मनावर काय परिणाम होतो असं विचारलं, की सहसा उत्तर येतं: पैसे कमी, म्हणून ताण. खरं आहे, पण अर्धंच. बेंचवरच्या त्या इंजिनिअरचा पगार चालू असतो, तरी तिची भूक गेलेली असते. तेव्हा पैशाच्या पलीकडचं काहीतरी इथे काम करतंय.

कुठल्याही कामधंद्यात अनिश्चितता असतेच. यंदा प्रवेश किती होतील, ऑर्डर मिळेल का, अनुदान वेळेवर येईल का, पावसात लोक जेवण मागवतील का. ही जोखीम कुणीतरी उचलावी लागते. कायम नोकरीत ती संस्था उचलते. विद्यार्थी कमी आले तरी त्या महिन्याचा पगार होतो. कंत्राटात तीच जोखीम कामगाराकडे सरकवली जाते. संस्थेच्या ताळेबंदात खर्च कमी झालेला दिसतो, जोखीम मात्र कुठेही गेलेली नसते. ती एका माणसाच्या डोक्यात मुक्कामाला आलेली असते. तिथे ती काय काय करते, याचा मानसशास्त्रात गेली चाळीसेक वर्षं पद्धतशीर अभ्यास चालू आहे.

अजून काहीच घडलेलं नसतं तेव्हा

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. तिथली सरकारी कार्यालयं ज्या रस्त्यावर आहेत त्याचं नाव व्हाइटहॉल, म्हणून अभ्यासाला ‘व्हाइटहॉल २’ म्हणतात. दहा हजारांवर कर्मचारी आणि वर्षानुवर्षं त्यांच्या तपासण्या. हे चालू असतानाच त्यातल्या एका खात्याचं खासगीकरण होणार असं ठरलं. संशोधकांना आयतीच संधी मिळाली, कारण बातमी येण्याआधीची या लोकांची तब्येत नोंदलेली होती आणि बाकीच्या खात्यांतले सहकारी तुलनेला होते. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खासगीकरणाच्या नुसत्या चाहुलीने त्या खात्यातल्या पुरुषांची तब्येत, त्यांनी स्वतः सांगितल्यानुसार, इतर खात्यांच्या तुलनेत खालावली होती. अजून कुणाला घरी पाठवलेलं नव्हतं. पगार चालू होता, टेबलं जागच्या जागी होती.

अमेरिकेत सारा बर्गार्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दोन मोठ्या सर्वेक्षणांतल्या नोकरदारांची माहिती तपासली. काही वर्षांच्या अंतराने दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा ज्यांनी ‘नोकरी जाईल अशी धास्ती वाटते’ असं सांगितलं, त्यांची तब्येत जास्त वाईट निघाली. नोकरी प्रत्यक्षात गेली होती का, मधे बेकारी आली होती का, याचा हिशेब वेगळा काढला तरी ही धास्ती आपल्या जागी उरलीच.

असं का व्हावं? नोकरी जाणं ही एक घटना असते. तिला तारीख असते. घरच्यांना सांगता येतं, मित्र चार ठिकाणी शब्द टाकतात, माणूस रडून-भांडून पुढच्या तयारीला लागतो. नोकरी जाईल असं वाटत राहणं याला तारीखच नाही. त्यामुळे दुःख करायला मुहूर्त नाही, तयारी करायला दिशा नाही. वर आजूबाजूचे म्हणतात, ‘अजून गेली नाही ना? मग उगाच कशाला जीव टांगणीला लावून घेतोस?’

तो टांगलेला जीव २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगड उचलायचा, खाली साप असेल तर हाताला विजेचा दुखणारा झटका. कुठल्या दगडाखाली साप असतो याचा अंदाज खेळता खेळता येई, पण मधूनच नियम बदलत. प्रत्येकाची बुबुळं आणि घाम यांवरून ताण मोजला जात होता. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे. बसेल की नाही हे पन्नास-पन्नास टक्के असताना. म्हणजे ‘नक्की वाईट’ पेक्षा ‘कदाचित वाईट’ शरीराला जास्त महागात पडतं.

या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष फारसा कुणी सांगत नाही. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर बिनचूक वर-खाली होत होता, तेच साप कुठे आहे हे जास्त चांगलं ओळखत होते. ताण हा मेंदूचा बिघाड नाही. ‘इथे काही कळत नाहीये, लक्ष दे’ असं सांगण्याचं ते साधन आहे. गडबड होते ती ते साधन बंद व्हायची वेळच येत नाही म्हणून. गॅसवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाचं अर्धं लक्ष स्वयंपाकघरातच असतं. गप्पा चालू, टीव्ही चालू, पण कान तिकडे. बेभरवशाच्या कामात ते दूध अकरा महिने गॅसवर असतं.

शरीर ही सावधगिरी थोडा वेळ छान निभावतं. संप्रेरकं वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, झोप आणि पचन मागे ढकललं जातं, कारण संकट समोर असताना त्यांची घाई नसते. पण संकट संपलं असा निरोपच आला नाही, तर मागे ढकललेलं तसंच मागे राहतं. मग पहाटे चारला जाग येणं, पित्त, डोकेदुखी, लहानसहान गोष्टीवरून पोरांवर खेकसणं. डॉक्टरकडे माणूस पित्ताची गोळी मागायला जातो. नोकरीचा विषय तिथे निघतच नाही.

दिवस मोजणं आणि आशेवर राहणं

मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांचा एक मोठा वर्ग असे. पाळी सुरू व्हायच्या आधी कार्ड घेऊन गेटवर हजर राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाची आठवण निघते ती पगारवाढ आणि संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या संदर्भात, पण बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीही त्यात होती. गिरण्या गेल्या. गेटवरची ती हजेरी मात्र गेली नाही. मजूर नाक्यावर ती सकाळी सातला दिसते, आणि अ‍ॅपवर लॉग-इन करून पेट्रोल पंपाशेजारी बाइकला टेकून बसलेल्या पोरांमध्ये दिवसभर.

कायद्यालाही हा खेळ जुनाच माहीत आहे. माणसांना वर्षानुवर्षं बदली, हंगामी किंवा तात्पुरतं ठेवायचं आणि कायम कामगाराचे हक्क मिळू द्यायचे नाहीत, हा हेतू असेल तर ती अनुचित कामगार प्रथा ठरते, असं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. राज्यातल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, वर्षभरात २४० दिवस सलग सेवा भरली की कायम करण्याची तरतूद होती. यातून जन्माला आला तो ‘ब्रेक’. सात-साडेसात महिने झाले की चार दिवस घरी बसवायचं, नवीन तारखेची नेमणुकीची ऑर्डर द्यायची. काही ठिकाणी माणूस तोच, मशीन तेच, फक्त गेटपासवरचं ठेकेदाराचं नाव बदलतं.

मानसशास्त्राच्या बाजूने या ब्रेककडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. दर काही महिन्यांनी माणसाला आठवण करून दिली जाते, की तू आत काढलेली वर्षं मोजायची नसतात. कौशल्य साठतं, ओळखी साठतात, सेवा साठत नाही. चाळिशीतला माणूस कागदावर दर वर्षी नवखाच. स्वतःविषयी ‘मी या कामात मुरलोय’ असं वाटायला जो आधार लागतो, तो अशाने मुळातच भुसभुशीत राहतो.

भीतीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला त्याहून अवघड वाटते ती आशा. बेभरवशाची नोकरी माणूस सोडून का देत नाही, याचं उत्तर भीतीत कमी आणि आशेत जास्त आहे. ‘या अधिवेशनात कंत्राटी कर्मचाऱ्यांचा विषय येणार आहे’, ‘फाइल वित्त विभागाकडे गेली आहे’, ‘निवडणुकीआधी जीआर निघतोय’. संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असं काहीतरी येत राहतं. त्यातलं अधूनमधून खरंही ठरतं, कुठल्या तरी संवर्गाला खरोखर कायम केलं जातं. आणि नेमकं तेच माणसाला खिळवून ठेवतं. बक्षीस दर वेळी मिळत असलं आणि मग थांबलं, किंवा कधीच मिळालं नाही, तर प्राणी लवकर नाद सोडतो. कधीतरी, अनपेक्षितपणे मिळालं तर तो कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर दाखवलं. लॉटरी त्यावरच चालते. ‘अजून तीन ऑर्डर केल्या की इन्सेंटिव्ह’ हा मेसेजही त्याच्याच आसपासचा.

न्यायालयांनीही या आशेला नकळत आकार दिला आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी प्रकरणात सांगितलं, की नुसती अनेक वर्षं तात्पुरतं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मात्र मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांचा एकदाच विचार करावा. ही सवलत एका वेळेपुरती होती. तरीही ‘दहा वर्षं’ हा आकडा लोकांच्या मनात असा काही रुतला, की नवव्या वर्षी दुसरीकडे चांगली संधी आली तरी पाय निघत नाही. इतकी वर्षं घातली, आता सोडलं तर सगळं पाण्यात. २०२४ च्या डिसेंबरात जग्गो प्रकरणाच्या निकालात न्यायालयाने वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवण्याच्या सरकारी सवयीवर कडक ताशेरे ओढले, तेव्हा त्या निकालाचे कागद किती मोबाइलमध्ये फिरले असतील याचा अंदाज करता येतो.

आशा ही चांगली गोष्ट आहे असं आपण शाळेपासून ऐकतो. पण जिची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे अशी आशा माणसाला हलूही देत नाही आणि बसूही देत नाही.

डोक्यातली जागा

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात चार संशोधकांचा एक अभ्यास आला. आनंदी मणि आणि सेंधिल मुल्लैनाथन त्यांपैकी दोघं. त्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना दोनदा गाठलं: ऊस तुटायच्या आधी हात तंग असताना, आणि पैसे आल्यावर. दोन्ही वेळा तर्काची, लक्ष एकाग्र करण्याची कोडी दिली. तोच शेतकरी तोडणीआधी कमी पडत होता आणि पैसे आल्यावर बरा ठरत होता. अभ्यासातल्या आकडेमोडीच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण मूळ निरीक्षण कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही पटेल. कारखान्याचं बिल यायच्या आधीचा महिना घरात कसा जातो हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मुद्दा असा, की डोक्यात एका वेळी मावतं त्याला मर्यादा आहे. दूधवाला थांबेल का, शाळेची फी हप्त्यात घेतील का, गाडीचा ईएमआय कटला तर खात्यात काय उरेल, हे गणित मागे सतत चालू असलं की पुढच्या कामाला कमी जागा उरते. मग माणूस फॉर्मची शेवटची तारीख विसरतो, बारीक अक्षरातली अट न वाचता सही करतो, चढ्या व्याजाचं कर्ज घेतो. बाहेरून बघणारा म्हणतो, ‘यांना नियोजनच जमत नाही, म्हणून हे असेच राहतात’. कार्यकारणभाव उलटा लावण्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

यात पैशाच्या रकमेइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व वेळापत्रकाला आहे. अमेरिकेतल्या दुकानांत आणि फास्टफूडच्या साखळ्यांत काम करणाऱ्यांना कुठल्या दिवशी किती तास यायचं हे अनेकदा ऐनवेळी कळतं. डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांनी २०१९ साली अशा हजारो कामगारांच्या माहितीवरून दाखवलं, की पाळ्यांची ही अस्थिरता मानसिक त्रासाशी, वाईट झोपेशी आणि दुःखी असण्याशी जोडलेली आहे. कमी पगारही जोडलेला आहे, पण पाळ्यांचा संबंध त्याहून बराच घट्ट निघाला. आईला डॉक्टरकडे कधी न्यायचं, पोराला पाळणाघरात किती वेळ ठेवायचं, भिशीचा हप्ता कोणत्या तारखेला भरीन म्हणून सांगायचं, यातलं काहीच ठरवता येत नाही. ठरवता येणं ही चैन वाटते, पण तिच्याशिवाय माणूस स्वतःच्याच आयुष्यात वाट बघणारा होऊन बसतो.

स्टाफरूममधली खुर्ची

त्रासाचा एक भाग एकट्याच्या डोक्यात घडतो, दुसरा माणसांमध्ये. एकाच स्टाफरूममध्ये एक कायम प्राध्यापक आणि एक ‘सीएचबीवाले’ (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावरचे) बसतात. तोच विषय, तीच मुलं, कधीकधी सीएचबीवाल्यांची पदवीही वरची. पगारात कित्येक पटींचा फरक. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. चहाच्या वर्गणीच्या वेळी मात्र दोघांनाही नजर कुठे ठेवावी हे कळत नाही. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या समितीत नाव हमखास सीएचबीवाल्यांचं, विभागाच्या बैठकीत मत विचारलं जात नाही. खरं तर ते स्वतःच बोलत नाहीत. जूनमध्ये मुलाखत घेणारी माणसं याच खोलीत बसलेली असतात ना!

हे गप्प बसणं कामाची अटच होऊन बसतं. ताप असला तरी यायचं, मशीनचं गार्ड तुटलेलं दिसलं तरी सांगायचं नाही, ग्राहक तोंडाला येईल ते बोलला तरी हसून ‘रेटिंग द्या सर’ म्हणायचं. टांगती तलवार असली की माणसं नेटाने काम करतात, असं मानणारे व्यवस्थापक पुष्कळ आहेत. माग्नुस स्वेर्के आणि सहकाऱ्यांनी २००२ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उलटंच दिसलं. असुरक्षिततेबरोबर कामातलं समाधान, संस्थेवरचा विश्वास, मनाची आणि शरीराची तब्येत सगळं उतरतं आणि सोडून जायची इच्छा वाढते. माणूस जास्त वेळ थांबतो खरा, पण डोकं वापरायचं थांबवतो. चुका लपवतो. नवीन काही सुचवत नाही.

कामातून माणसाला पगाराशिवाय काय मिळतं, याचा विचार मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंनी केला होता. व्हिएन्नाजवळच्या मारियनथाल गावातली सुतगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९३३ साली आला. लोकांना दिवसभर वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. पुरुष रस्त्यावरून हळू चालू लागले होते, मधेच थांबत होते. यातूनच याहोडांनी पुढे मांडलं, की काम दिवसाला घडी देतं, घराबाहेरची माणसं देतं, आपण मिळून काही करतोय ही भावना देतं, समाजात एक जागा देतं आणि हातांना गुंतवून ठेवतं. बेभरवशाच्या कामात या पाचही गोष्टी असल्यासारख्या दिसतात, म्हणून तर बाहेरच्यांना त्रास समजत नाही. पण सगळ्या मुदतीवर असतात.

‘समाजात जागा’ म्हणजे काय, हे आपल्याकडे लग्नाच्या बाजारात लख्ख दिसतं. मुलगा कुठे असतो, काय शिकलाय याच्या लगोलग विचारलं जातं, ‘पर्मनंट आहे ना?’ नाही म्हटलं की समोरचे ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवतात. बँकेत सॅलरी स्लिप मागतात, फ्लॅट भाड्याने देताना नेमणुकीचं पत्र मागतात. बायकांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे. ऑर्डर संपायच्या आत बाळंतपण आलं तर पुढची ऑर्डर मिळेल का, या विचाराने मूल पुढे ढकललं जातं. करार संपला तरी प्रसूतीचे लाभ द्यावेच लागतील असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटलं आहे. पण लाभ मिळणं वेगळं आणि पुढच्या वर्षी परत बोलावणं येणं वेगळं. सरतेशेवटी पस्तिशीचा माणूस घर, लग्न, मूल यांच्या उंबरठ्यावर उभाच राहतो आणि नातेवाइकांना वाटतं की हा सेटल व्हायलाच तयार नाही. ऐकून ऐकून त्यालाही तसंच वाटू लागतं. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत खोल घाव हा आहे: व्यवस्थेने केलेली गोष्ट माणूस स्वतःचा स्वभाव म्हणून स्वीकारतो.

मग करायचं काय

प्राणायाम करा, सकारात्मक राहा, कृतज्ञतेची डायरी लिहा, असा सल्ला देणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण अपेक्षा नेमक्या ठेवाव्यात. श्वासाच्या व्यायामाने आजची झोप सुधारू शकते. ऑर्डरची तारीख पुढे जात नाही. कंपनीने एका हाताने नोटीस पिरियड कमी करायचा आणि दुसऱ्या हाताने तणावमुक्तीची कार्यशाळा घ्यायची, हा प्रकार तर विनोदी आहे.

तरी हातात काही गोष्टी असतात. काळजीचं नीट विभाजन करून पाहणं उपयोगी पडतं: माझ्या हातातलं काय (दुसरीकडे अर्ज, दोन महिन्यांच्या खर्चाची सोय, अनुभवपत्र वेळेत घेऊन ठेवणं) आणि ज्याची नुसती बातमी ऐकायची आहे असं काय. अफवांचा ग्रुप दिवसातून एकदाच उघडणं हे क्षुल्लक वाटेल, पण त्या सापाच्या प्रयोगात ताण वाढवणारी गोष्ट नेमकी हीच होती, ‘होईल की नाही’ ही टांगती अवस्था. आणि घरात स्पष्ट बोलणं. कमावत्या माणसाने सगळं पोटात ठेवलं की घरच्यांना फक्त चिडचिड दिसते, कारण दिसत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको असं मनात येत असेल, तर पित्ताच्या गोळीवर थांबू नये. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात, देशात आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे ४२ हजारांवर लोक, रोजंदारीवर काम करणारे होते. प्रत्येकामागचं कारण वेगळं असणार, तरी हा आकडा नुसता वाचून पुढे जाता येत नाही.

बाकी उपाय मात्र जोखीम जिथून आली तिथेच शोधावे लागतील, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. माथाडी कामगाराचं काम घ्या. आज मार्केटमध्ये गाड्या आल्या तर काम, नाही आल्या तर नाही. मालक एक नाही, दहा. याहून अनियमित काम कुठलं? तरीही अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि त्याने एक वेगळीच रचना केली. कामगार कुणा एका व्यापाऱ्याचा नाही, मंडळाकडे नोंदलेला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरतो. त्यातून टोळीतल्या माणसाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे मिळतात. काम कमी-जास्त होणं थांबलं नाही, पण त्याचा धक्का एकट्याच्या पाठीवर न पडता सगळ्यांत वाटला गेला. या मंडळांमध्ये बोगस नोंदण्या झाल्या, दादागिरी शिरली, लेव्ही बुडवणारेही निघाले, हे सगळं खरं आहे. तरी लवचीक काम हवं असेल तर असुरक्षितता सोसावीच लागते, हा युक्तिवाद पन्नास वर्षांपूर्वीच आपल्या मशीद बंदरात खोटा ठरला होता. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला.

अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी आता असंच काहीसं सुरू होतं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत भरावी अशी तरतूद आहे. अपघात झाला, आजारपण आलं तर याचा उपयोग होईल. पण रात्रीची जाग येते ती निधीच्या प्रश्नाने नव्हे. सकाळी आयडी चालू असेल का, हा तिथला प्रश्न असतो. कर्नाटकाने २०२५ साली केलेला कायदा म्हणून मला जास्त लक्षवेधी वाटतो. तिथे कामगाराला काढायचं असेल तर लेखी कारण आणि १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते. चौदा दिवस म्हणजे फार नाहीत. पण सूचना आलेली नसेल, तर निदान पुढच्या दोन आठवड्यांची कमाई धरून पोराची फी कोणत्या तारखेला भरीन ते शाळेत सांगता येतं.